साठ ते चाळीस

—नाही नाही, पिशवी तिथे नको ठेवूस, तिथून यांची नळी जाते. खुर्चीवर ठेव. आणि बस ना तू, उभ्याउभ्या काय दुरुस्त करणार? मला वाटलं होतं कुणीतरी मिशीवाला येईल. फोनवर म्हणाले 'माणूस पाठवतो', आणि आलीस तू—माझ्या मोठीपेक्षाही लहान दिसतेस. बरं वाटलं हो. आवाज ना? तो त्या मशीनचा. हवेतला ऑक्सिजन ओढून यांना देतं ते, नाकातल्या नळीतून, दिवसरात्र, चार वर्षं झाली. हे त्याला 'तुझी सासू' म्हणतात. अखंड कुरकुर, आणि गप्प झाली की जास्त भीती. नाही, हळू बोलायची गरज नाही, दुपारची गोळी घेतली की हे पाचपर्यंत उठत नाहीत, कानाशी ढोल वाजवला तरी.

हां, तर लॅपटॉप. हा धाकटीचा. म्हणजे आधी मोठीचा होता, ती नोकरीला लांब गेली आणि हा धाकटीकडे आला. तक्रार धाकटीनेच नोंदवली, परस्पर, आणि मला आज सकाळी सांगते—'आई, तीन वाजता दुरुस्तीवाले येणार आहेत.' नेमकी यांची एक गोळी संपली म्हणून तिला औषधांच्या दुकानात पाठवलंय, अर्ध्या तासात येईल. मी म्हटलं, मी आहे ना, मी सांगते सगळं, त्यात काय एवढं! तर झालंय असं, की चार्जिंग साठच्या वर चढतच नाही. आठ तास लावून ठेव, साठ म्हणजे साठ. आणि वायर काढली की उतरत उतरत चाळीसवर येतं आणि पडदा काळा. चाळीस मिनिटं, फार तर पंचेचाळीस, बस्स. तिने बिचारीने सगळं करून पाहिलं—उजेड इतका खाली आणला की वाचताना डोळ्यांतून पाणी येतं तिच्या, कीबोर्डखालचे दिवे बंद, आवाज बंद, नेट लागेल तेवढ्यापुरतंच सुरू, एका वेळी एकच खिडकी उघडी. बॅटरी सेव्हर तर कायमचाच लावलाय, ते हिरवं पान दिसतंय ना कोपऱ्यात, तेच. कोपऱ्यावर एक मोबाइलवाला आहे, त्याला विचारलं मी, तर म्हणाला, 'काकू, जुनी बॅटरी अशीच, चाळीस दाखवते आणि धाडकन जाते. म्हातारी झाली ती.' झालं, मी तिला तेच सांगितलं. म्हातारीने तरी किती पळावं! नवी टाकायची म्हटलं तर या मॉडेलची मिळत नाही म्हणे. नाही, ते त्याने नाही सांगितलं—मलाच वाटतं मिळत नसणार, जुनं आहे ना.

एक मात्र नशीब, काम जात नाही. परत वायर लावली, बटण दाबलं, की जिथे होतं तिथून पुढे सुरू. अर्धा शब्द लिहिला असेल तर अर्धा शब्दच समोर. काय? नाही, कधीच जात नाही. म्हणजे अगदी सुरुवातीला एकदा गेलं होतं, तीन पानांचा निबंध, रडून रडून डोळे सुजवले तिने—पण त्यानंतर नाही. का गं, अशी काय बघतेस? झोपतो? छे, झोपत नाही, हायबरनेट होतो. झोपवला तर बॅटरी थोडी थोडी खातच राहतो ना, हायबरनेटमध्ये कसं, सगळं डिस्कवर लिहून मग पूर्ण—

असं धाकटी म्हणते हो. मला कुठलं कळायला! चहा टाकू?

बरं, नको तर नको. पाणी तरी घे. काय काढतेस ते? ती काळी खिडकी कशाला उघडलीस, ती नेहमीची नाही ना? रिपोर्ट? बॅटरीचा रिपोर्ट निघतो होय? अगं बाई. बरं, काढ. मी म्हणत होते, सरळ उघडूनच बघ ना आतून, पेचकस आणलायस ना? आधी रिपोर्ट, मग पेचकस. बरं बाई, तुमची पद्धत.

वायर लावून का बसत नाही ती? हेच! हेच मी तिला रोज म्हणते. हा काय, इथे आहे ना प्लग, मशीनच्या शेजारीच, स्टूलही ठेवलंय मी तिच्यासाठी, उशी टाकलीय त्यावर. वायर काही फार लांब नाही, दीड हात असेल, पण स्टूलवर बसलं की पुरते बरोबर. इथे बसली की समोर मी, बाजूला बाबा, खिडकीतून वारा येतो, अजून काय पाहिजे माणसाला? पण तिला आतली खोली पाहिजे. आणि आतल्या खोलीतला प्लग जळलाय. दोन वर्षं झाली, ठिणगी उडाली, मी वर चिकटपट्टी लावून टाकली. वायरमन बोलवायचा म्हणजे मेन बंद करायला लागणार, मेन बंद म्हणजे मशीन बंद. मशीनला बॅटरीचा डबा आहे खाली, तो बघ, तो वीस मिनिटं पुरतो. वीस मिनिटांत कुठला वायरमन काम संपवतोय? ते लोक वीस मिनिटं तर स्क्रू शोधतात. म्हणून राहिलं ते. एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता तिने शिकवणीच्या पैशांतून, पांढरा, पाच मीटरचा. मीच परत करायला लावला. वायरी पायात येतात गं, यांना उचलून संडासात नेताना मी अडखळून पडले तर दोघांना उचलणार कोण? हसू नकोस, खरंच पडले असते.

तातडीचं का लिहिलंय म्हणतेस... लिहिलंय का तसं? तिनेच लिहिलं असणार. परवा मुलाखत आहे तिची. सकाळी अकरा वाजता, दीड तास, याच्यावरच. ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायचंय तिला, तीन वर्षांचं, दुसऱ्या गावी, तिकडेच राहून. शंभर जागांना हजार पोरं. मुलाखतीचे नियम बघशील तर परीक्षा बरी वाटेल—खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद पाहिजे, सुरुवातीला कॅमेरा चारी भिंतींवर फिरवून दाखवायचा, मागे कसलाही आवाज नको, आणि एकदा का मध्येच तुटलं की संपलं, परत जोडून घेत नाहीत. आता इथे हॉलमध्ये कसं जमणार? हे झोपलेले, ती सासू घरघरतेय, मी कुठे जाऊ? आणि आत प्लग नाही. म्हणजे आतच बसायचं, बॅटरीवर, दीड तास. आणि बॅटरी चाळीस मिनिटं. इकडे आड, तिकडे विहीर. मी म्हटलं तिला, पुढच्या वर्षी दे. वर्ष काय, असं जातं. हुशार मुलीला कुठेही घेतात. ती बोलतच नाही हल्ली, हाताने बोलते.

म्हणजे खरंच हाताने. त्या खुणा शिकते ना ती, बोटांच्या, आणि सराव करते बाबांबरोबर. यांना बोललं की धाप लागते, तर हे पण शिकले. संध्याकाळी दोघं बसतात समोरासमोर, हात चालू, आणि हसतात. मध्येच हसतात गं! मी भाजी चिरत बसलेली असते, विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही आई, बाबांनी विनोद केला. चार वर्षं मी यांच्या तोंडचा विनोद ऐकला नाही. बरं, मला शिकव म्हटलं, तर शिकवल्या तिने चार खुणा—पाणी, औषध, दुखतंय, झोप. मला त्याहून जास्त कशाला लागणार म्हणा. परवाच्या दिवशी यांनी तिला काहीतरी सांगितलं, बराच वेळ, हात दमेपर्यंत, मध्ये थांबून परत. आणि तिचे डोळे भरले. मी विचारलं, काय सांगत होते? म्हणे, 'असंच.' असंच! माझ्या घरात, माझ्या समोर, माझ्या नवऱ्याने पाऊण तास सांगितलं ते 'असंच'.

आला का रिपोर्ट? दाखव. नाही, मला काय दाखवायचंय, तूच वाच. हे मूळचे आकडे, आणि हे आत्ताचे. हां. म्हणजे? चांगली आहे? किती, नव्वद टक्के? अगं, काहीतरी चुकत असेल तुझं, कॉम्प्युटर काय म्हणेल ते खरं असतं का नेहमी? तो मोबाइलवाला तर म्हणाला... हो, त्याने बघितली नव्हती. मी नुसतं सांगितलं होतं त्याला. नुसतं सांगितल्यावर कोण काय म्हणणार, बरोबर आहे.

आणि हे काय आता उघडतेस? पॉवर ऑप्शन्स. बरं. नाही, मी कशाला घाबरू? उकडतंय म्हणून पदर—म्हणजे घाम पुसतेय. अगं, तिथे नाही, त्याच्या आत, 'प्रगत'मध्ये जा, खाली सरकव, अजून खाली, बॅटरी म्हणून आहे, त्याच्या अधिकच्या खुणेवर टिचकी मार—

बघ. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे असं.

अशी टकामका बघू नकोस माझ्याकडे. अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसले मी. जन्ममृत्यू नोंदणीच्या ऑफिसात. तुला काय वाटलं, मी जन्मापासून याच खुर्चीत बसलेय? चार ऑपरेटर होतो, कुणाचं मशीन अडलं की मला हाक मारायचे. हे आजारी पडले आणि मी सोडलं. धाकटी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, तिला आठवतही नसेल आईला काय येत होतं. तिच्या लेखी मला टीव्हीचा रिमोट येतो, तोही आवाजाचं बटण.

साठचं मी माझ्या मनाने नाही केलं, ते मोठीने सांगितलं. फोनवर. तिकडून. म्हणाली, 'आई, धाकटी वायर लावूनच वापरते ना? मग साठवर थांबव चार्जिंग, बॅटरीला बरं असतं, चार वर्षं जास्त टिकेल.' तिने चांगल्यासाठीच सांगितलं, आणि मी केलं, त्यात माझं काही पाप नव्हतं. तेव्हा साठपासून शून्यापर्यंत चालायचा की तो, दोन तास चालायचा. धाकटी आतल्या खोलीत जायची, दार लावायची, दोन तास. त्यातलाच एक दिवस. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, पंधरा मिनिटांचं काम, पण वरच्या मजल्यावरची बाई भेटली. चार दिवसांत कुणाशी बोलले नव्हते मी, उभी राहिले जरा. आणि इकडे मशीनचा प्लग सैल झाला. झाडताना धक्का लागला असेल, माझाच. डब्यातली बॅटरी सुरू झाली, ते मशीन ओरडायला लागलं, आणि ही आत, दार लावून, कानात हेडफोन. मी आले तेव्हा वीस मिनिटं संपली होती. यांचे ओठ—जाऊ दे. निळे होते. एवढंच सांगते.

तिला ओरडले नाही मी. एक शब्द नाही. ती इतकी रडली होती की तिला मीच जवळ घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर बसले याच्यासमोर. मला माहीत होतं काय करायचंय असं नाही, नुसतं शोधत होते. सापडलं ते. 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल.' किती टक्क्यांना बंद करू, विचारत होता. पाच होतं तिथे. मी चाळीस केलं. पहिल्यांदा 'बंद करा' दिलं, तर तिचा तो निबंध गेला. मग हायबरनेट केलं त्याच दिवशी. तिचं नुकसान मला करायचं नव्हतं गं. फक्त चाळीस मिनिटांनी तिने उठावं, दार उघडावं, इथे येऊन बसावं. बास. मी काय तिला साखळीने बांधलं?

त्या चाळीसवर बोट ठेवून काय बसलीयेस?

हो, ते एकदाच झालं. आता प्लगला मी दोरी बांधलीय, सैल होत नाही. आवाजाची घंटा पण मोठी बसवून घेतली, खालच्या मजल्यावर ऐकू जाते. मग परत पाच का नाही केलं? विचार ना, विचार. तू नाही विचारलंस, मीच विचारते, दोन वर्षं विचारतेय. करणार होते. दर महिन्याला करणार होते. पण बघ, ती इथे स्टूलवर बसली की मी आडवी होते. यांच्यावर तिची नजर असते, म्हणून मला झोप लागते. दिवसातली तेवढीच. ती आत असली की एक कान दाराकडे, एक कान मशीनकडे. आणि खरं सांगू का—झोपेचंही एवढं नाही. ती बसलेली असते इथे, मान खाली घालून, काहीतरी लिहीत. माझ्याशी बोलत नाही, पण असते. एखादेवेळी म्हणते, 'आई, हा शब्द कसा लिहायचा?' मला येतो तो शब्द. दिवसभरात मला कुणी विचारलेला तेवढाच प्रश्न असतो, ज्याचं उत्तर औषध नसतं. मी कुठे जाते सांग? दुकान, दहा मिनिटं जायला, दहा यायला. त्याच्या पलीकडे चार वर्षांत पाऊल नाही टाकलं. त्या डब्याची बॅटरी जिथवर पुरते, तिथवर माझं गाव.

मोठी? मोठी पण याच लॅपटॉपवरून गेली. आतल्या खोलीत दार लावून बसायची, मला वाटायचं अभ्यास करतेय, कौतुकाने दाराबाहेर दूध ठेवायचे. आणि एक दिवस जेवताना म्हणाली, 'आई, नोकरी मिळाली, पुढच्या सोमवारी निघतेय.' समुद्रापलीकडे. सगळं ठरवून झालेलं, मुलाखत, कागद, राहायची जागा, सगळं त्या बंद दाराआड, माझ्या दुधाच्या पेल्यापासून चार हातांवर. चांगली आहे ती, फोन करते दर रविवारी. बॅटरी कशी टिकवायची ते सांगते.

हे बघ, मी तुला एक सांगू? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. मघाशी ती गोळी संपली म्हटलं ना, ती संपलेली नाही, कपाटात अख्खी पट्टी आहे, मीच मागे टाकलीय. मला तुझ्याशी एकटीने बोलायचं होतं. तू एवढंच कर—तिला म्हण, बॅटरी गेलीय. नवी मागवायला लागेल, पंधरा दिवस लागतील. तेवढंच. खोटं म्हणजे काय, बॅटरी कधी ना कधी जातेच की! पंधरा दिवसांनी ये, मी स्वतः सगळं पहिल्यासारखं करून ठेवीन, हवं तर नवी बॅटरी टाक, तुझंही काम होईल. परवाचा दिवस फक्त टळू दे. पुढच्या वर्षी देईल ती. तोवर यांचं काहीतरी—म्हणजे यांना बरं वाटेल तोवर. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण डॉक्टर काय देव आहेत?

नाही म्हणतेस.

नुसती मान हलवलीस, पण मला कळलं. तक्रार तिच्या नावावर, उत्तर तिलाच द्यायचं, असंच ना? बरोबर आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं, ऑफिसात म्हणायचेच. 'ज्याचा अर्ज त्यालाच दाखला.' किती बायका रडायच्या खिडकीसमोर. मी नाही दिला कुणाला. तुला काय माहीत तेव्हा मला किती ताठ वाटायचं.

काल काय झालं माहितीये? काल दुपारी तिने सराव केला. परवाचाच सराव, दीड तासाचा, घड्याळ लावून, आतल्या खोलीत. समोर कुणी नाही, नुसता कॅमेरा सुरू केलेला, आणि ती प्रश्न स्वतःच विचारतेय, उत्तर स्वतःच देतेय, आणि मध्ये मध्ये हातांनी खुणा करून दाखवतेय. दार तिने लावलं होतं पण कडी नव्हती, फट होती. मी फटीतून बघत होते. बघायला नको होतं. चाळीस मिनिटं झाली आणि पडदा काळा झाला. मला वाटलं आता उठेल, चिडेल, वायर घेऊन बाहेर येईल. मी पटकन इथे येऊन बसले पण, वर्तमानपत्र उलटं धरून. आली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. परत गेले फटीशी. तर ती तशीच बसलेली, पाठ सरळ, आणि बोलत होती. काळ्या पडद्याशी. हसून बोलत होती, मुलाखतीत हसतात तसं, आणि हात चालूच—त्या काळ्या काचेत तिचे हात दिसत असतील तिला थोडे थोडे. पन्नास मिनिटं! घड्याळ वाजेपर्यंत थांबली नाही. शेवटी 'धन्यवाद' म्हणाली, त्याची खूण पण केली, हनुवटीपासून हात पुढे, अशी. आणि मग झाकण मिटलं आणि त्याच्यावर डोकं ठेवलं.

मी काय केलं? मी तिला दूध नेऊन दिलं.

तेव्हाच करायला पाहिजे होतं. रात्रभर म्हणत होते, सकाळी करते. सकाळी ती म्हणाली, 'आई, दुरुस्तीवाले येणार आहेत.' आणि पहिला विचार काय आला माझ्या मनात? तिला बाहेर पाठवायला कुठलं औषध सांगू, हा. बघ कशी आहे मी.

दे इकडे. दे तो लॅपटॉप. अगं, तुटत नाही माझ्या हाताने, दे. आणि बोलू नकोस मध्ये, एकाच दमात होईल ते, थांबले तर राहील. हे इथलं साठ—काढलं. शंभर. हां. आता हे. चाळीस. पुसला. पाच. 'लागू करा.' झालं. बघ, एवढंच होतं. मिनिटभराचंसुद्धा काम नाही, आणि दोन वर्षं.

किती चालेल म्हणतेस आता? तीन तास? आणि वर थोडा? अगं, तिला दीडच पाहिजे होता.

परवा मी यांना घेऊन काय करू त्या दीड तासात? नाही, तुला नाही विचारत. मशीनवर रजई नको, गरम होईल. खिडकी लावून घेईन, तिच्या दाराला बाहेरून चादर लावीन, आवाज कमी जाईल. मी बसेन मशीनला टेकून. खोकला आला तर तोंडात पदर. जमेल.

आता तुझा तो कागद. दोषाचं कारण—लिही, सेटिंग. अक्षर चांगलं आहे तुझं. सही तिची लागेल, बरोबर. आणि खाली काय आहे? 'बदल कोणी केला.' असाही रकाना छापता तुम्ही? शहाणी माणसं आहेत. ते राहू दे रिकामं. नाही चालत रिकामं? नसेलच चालत. मला कोण सांगतंय! अकरा वर्षं मी लोकांना परत पाठवलं एका रकान्यासाठी. एक बाई तर बाळाला घेऊन तीनदा आली होती, बापाच्या नावाचा रकाना होता तो. मी म्हटलं, रिकामा ठेवता येत नाही, काहीतरी लिहा. तिने माझ्याकडे असं बघितलं होतं—आत्ता आठवली बघ मला ती. पेन दे.

दे गं पेन. मीच लिहिते.

'आई.' पुरे तेवढं, नाव नको. तिला एकच आहे.

आता नीघ तू. पिशवी घे. लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा, ती जिन्यातच भेटेल, करड्या रंगाचा स्वेटर, हातात औषधांची पुडी, आणि चालताना पायऱ्या मोजते. लहानपणापासूनची सवय. कागद तिला तिथेच दे, सही तिथेच घे. इथे माझ्यासमोर नको. मला तोंडाने नाही जमायचं ते. तिला वर यायला तीन मजले आहेत, तेवढ्यात काय रागवायचंय ते रागावून घेईल, किंवा नाही. किंवा येणारच नाही लगेच. मी कुठे जाणारेय, मी आहेच इथे.

नाही, लॅपटॉपची वायर काढू नकोस. भरू दे.

अगं, उभी काय राहिलीस? जा म्हणते ना. ती सेटिंगची खिडकी मी अजून बंद केलेली नाहीये, आणि माझा हात इथेच आहे. जा लवकर.